मिस्त्रीचा उजवा डोळा

गाडीला हात लावायच्या आधी तो जमीन मोजायचा. गाडी दारात उभी, मालक घाईत, उन्ह चढत चाललेलं, आणि हा गवंड्यांकडे असते तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन अंगणातल्या चार फरश्यांवर वाकलेला. फरश्या त्यानेच बसवलेल्या, चार चाकांखाली चार. तरीही रोज मोजायचा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, कालची सपाट जमीन आज सपाट असेलच असं नाही, असं त्याचं म्हणणं. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एका रेषेत आलं की मग मान वर करायची आणि म्हणायचं, "हां. आता आण."

आंधळगावात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मी तोंडावर काकाजी म्हणायचो आणि मनात अरेतुरे करायचो. लिहितानाही तसंच करणार आहे, कारण मी हे मोठ्या मनाने लिहितोय असं कोणी समजू नये. त्या माणसावर मी सहा-सात वर्षं जळत आलोय.

माझं गॅरेज शहापूरला, हायवेला लागून. दोन खांबांची लिफ्ट आहे, चाकं जुळवायचं पडद्याचं मशीन आहे, खाली गुळगुळीत फरशी आहे. आयटीआय केलं, नंतर पुण्याला चार वर्षं काम शिकलो. जंगलात आणि नदीनाल्यात जाणाऱ्या गाड्या उंच करून देणं ही माझी खासियत. नवे लांब शॉकअप, उंच स्प्रिंगा, मोठी चाकं. नागपूरहून पोरं येतात. आणि तिकडे पंचवीस-तीस किलोमीटरवर हा म्हातारा, मोहाच्या झाडाखाली, लाल दुपट्टा डोक्याला बांधून पाठीवर सरपटत गाडीखाली जाणारा. कधीकाळी तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर जीपगाड्या दुरुस्त करायचा, एवढंच त्याचं शिक्षण. पण माझ्या दारातून गाडी निघाली की माझेच बाबा खुर्चीतून विचारायचे, "मिस्त्रीले दाखवली का?"

दर गाडीला हेच. मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

त्याच्या तऱ्हा सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होत्या. गाडी कुठे जाते, शेजारी कोण बसतं आणि मागे काय ठेवलेलं असतं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो पाना उचलत नसे. "बायको शेजारी बसते का मागं?" असं तो भल्याभल्यांना भर अंगणात विचारायचा. लोक लाजायचे, रागवायचे, पण सांगायचे. काम झालं की "झालं" म्हणत नसे, "उभी राहिली" म्हणायचा. जेवण ग्राहकाच्या गाडीतच बसून करायचा, डबा मांडीवर ठेवून, आणि जेवताना डोळे मिटून गाडीचं ऐकायचा. बंद गाडीचं काय ऐकतोस, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "बसली का नाही ते."

तुमसरच्या एका कंत्राटदाराची गोष्ट तर चहाच्या टपऱ्यांवर अजून सांगतात. नवे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांच्या लोखंडी पट्ट्या, टाकून त्याने गाडी उंच करून घेतली होती आणि ती मागून डावीकडे बोटभर झुकायची. दोन ठिकाणी पाटे उतरवून पुन्हा चढवले, झुकणं जाईना. मिस्त्रीने तीन प्रश्न विचारले. मागे काय असतं म्हटल्यावर कंत्राटदार म्हणाला, काही नाही. मिस्त्रीने मागची डावी पेटी उघडली. आत गोणपाटात गुंडाळलेले दोन दगडी पाटे, वरवंट्यांसकट. आईला आणि मावशीला म्हणून कुठल्याशा जत्रेतून घेतलेले आणि द्यायचे राहून गेलेले.

"भाऊ," मिस्त्री म्हणाला, "तुह्या गाडीचा पाटा बरोबर आहे. तुह्या मायचा पाटा तिले पोचवून दे."

ही गोष्ट माझ्याच दुकानात, माझ्याच ग्राहकाने, मला हसत हसत सांगितली. मीही हसलो. नंतर हात धुवायला मागे गेलो आणि बराच वेळ धूत राहिलो.

खरं जळणं सुरू झालं ते डॉक्टरीणबाईंच्या जीपपासून. बाई जनावरांच्या डॉक्टर. मोहाडी तालुक्यातली पंधरा-वीस गावं त्यांच्याकडे. धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, तलावाच्या पाळीवरून, नाल्यातून जायचं म्हणजे गाडी उंच हवी. त्यांनी माझ्याकडे काम दिलं. मी लिफ्टवर जीप चढवली, चारही चाकं लोंबत ठेवली, उभ्याने आरामात नव्या स्प्रिंगा बसवल्या, शॉकअप बसवले, एकेक बोल्ट मापात कसला, प्रत्येकावर पिवळ्या रंगाची खूण केली. माझी पद्धत आहे ती. जीप खाली उतरवली आणि पाहतो तर पुढून उजवी बाजू दीड बोट खाली.

मी स्प्रिंगा डाव्याच्या उजवीकडे केल्या. फरक नाही. उजवीकडच्या स्प्रिंगखाली जाड रबराची चकती टाकली. सरळ झाली. बाई घेऊन गेल्या आणि वीस दिवसांनी परत आल्या, आता डावी बाजू खाली.

"भाऊ, हिला काय झालंय?" बाई म्हणाल्या. "कालवडी पाहायला गेले तर गोठेवाला म्हणतो, मॅडम, तुमची गाडीच लंगडून राहिली, आधी तिले सुई द्या."

तिसऱ्या वेळी मी केलं ते आठवायची इच्छा नाही. चौथ्या वेळी बाई आल्याच नाहीत. आल्या त्या महिनाभराने, रस्त्याने जाताना सहज थांबल्या. जीप माझ्या दारात अशी उभी होती की तिच्या टपावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता.

"मिस्त्रीकाकांकडे नेली," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मला आत बसवलं, माझी औषधांची पेटी मागे ठेवायला लावली. मग जमिनीवरच सगळे बोल्ट ढिले केले. बंपरवर उभं राहून जीप झुलवली, दहा फूट पुढेमागे करायला लावली, आणि मग कसले. तुमची चकती काढून टाकली. एका सकाळीत काम झालं. आणि तुमच्यासाठी निरोप दिलाय."

"काय?"

"म्हणाले, पोराचं काम साफ आहे, खुणा पाहून जीव खुश झाला. फक्त हवेत कसलं. त्याले सांगा, चाकावर वजन ठेवून कसजो."

मला क्षणात कळलं. चाक आणि गाडी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाला रबरी बुश असतो. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते पिळवटतं आणि त्या कोपऱ्याला धरून ठेवतं, कधी इकडे, कधी तिकडे. पहिल्या वर्षी शिकवतात हे. लिफ्टच्या नादात मी विसरलो होतो. त्याने मला मूर्ख म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. तो खुश झाला होता, माझ्या खुणांवर.

त्याच आठवड्यात टपरीवर तीन जंगल-सफारीवाले ड्रायव्हर बसले होते. एकाने आंधळगावचं नाव काढलं, स्प्रिंगा तिकडेच टाकून घ्याव्या म्हणाला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आता कायले जाता त्याच्याकडे? त्याले उजव्या डोळ्यानं दिसतच नाही. परवा एकाचा बोल्ट अर्धाच कसून दिला."

दोन्ही खोटं. डोळा उजवा का म्हणालो, मलाही माहीत नाही. डावा म्हणालो असतो तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

खोटं बोलून झाल्यावर चहा गोड लागला, हेही सांगून टाकतो. आठ दिवसांत ते मोहाडीला पोचलं, पंधरा दिवसांत तुमसरला. माझ्याकडे गाड्या वाढल्या. बाबांचा प्रश्न मात्र बंद झाला नाही. उलट एकदा म्हणाले, "मिस्त्रीच्या डोळ्याचं ऐकलं. वाईट झालं. असा माणूस पुन्हा होणार नाही." आणि माझ्याकडे पाहून उसासा टाकला, जणू मिस्त्रीचा डोळा गेला आणि मी उरलो हे दुहेरी नुकसान.

त्या थंडीत बपेऱ्याकडे, नदीच्या रेतीत, उंच गाड्यांचा एक मेळावा ठरला. शर्यत म्हणावी तर शर्यत, हौस म्हणावी तर हौस. मी स्वतःची जीप तयार केली. या वेळी बोल्ट जमिनीवरच कसले, चाकावर वजन ठेवून. मापं घेतली, चाकाच्या मधोमधून मडगार्डच्या काठापर्यंत, चारही कोपरे. मागची डावी बाजू कमी भरली. तिथे चकती टाकली. माप बरोबर आलं. पण रस्त्यावर जीप उजवीकडे ओढायची, रेतीत चाक रुतायचं. दोन आठवडे मी झटलो. दिवस जवळ येत गेले.

शेवटी साळ्याला तयार केलं. "आंधळगावले घेऊन जा. तुझीच गाडी म्हणून सांग. माझं नाव काढू नको."

साळा दुपारी परत आला, जीप होती तशीच.

"तिथं काय झालं?"

"काही नाही. हातही नाही लावला. मले विचारलं, गाडी कोण चालवते. मी म्हणलं, मीच. तं म्हणे, सीट तुह्या पायाच्या मापाची नाही. ज्याच्या मापाची आहे त्याले पाठव. त्याच्या वजनाशिवाय मी कसा मोजू?" साळ्याने किल्ली माझ्या हातात दिली. "आणि भाऊजी, पिवळ्या खुणा पाहून हसत होता."

दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. म्हातारा नळी घेऊन फरश्यांवर वाकलेलाच होता. मला पाहून तो जराही चकित झाला नाही.

"ये बाबू. चढव फरशीवर. उतरू नको, बसूनच राह्य."

मी माझ्याच जीपमध्ये स्टिअरिंग धरून पाऊण तास बसलो. तो खाली फिरत होता. त्याचा दुपट्टा कधी या चाकाशी दिसायचा, कधी त्या. माझी नजर त्याच्या चुका शोधत होती. एकही सापडली नाही. मग तो माझ्या दाराशी आला.

"तुह्या दुकानाच्या फरशीले उतार आहे का?"

"आहे थोडा. गाडी धुतल्यावर पाणी नालीत जावं म्हणून."

"कोणीकडं?"

मी हाताने दाखवलं आणि हात तसाच राहिला. मी ज्या फरशीवर मापं घेत होतो, तीच तिरपी होती आणि गाडीचं वजन उताराच्या कोपऱ्यावर जात होतं. मागची डावी बाजू कमी भरत नव्हती, जमीन कमी भरत होती. जीप पहिल्यापासून सरळ होती. मीच तिला चकती टाकून वाकडी केली होती.

"ते चकती काढून टाकतो," तो शांतपणे म्हणाला. "ते गाडीची नाही, तुह्या फरशीची आहे."

चकती काढून, पुन्हा बोल्ट कसून, जीप झुलवून त्याने मोजलं. पुढे सारखं, मागे सारखं. "उभी राहिली," म्हणाला. मग हात पुसत माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला, डबा उघडला. मला वाटलं आता ऐकायला डोळे मिटेल. त्याने मिटले नाहीत.

"एक विचारू का बाबू?"

"विचारा, काकाजी."

"माह्या उजव्या डोळ्यानं दिसत नाही, हे तुले कसं समजलं?"

कोणीतरी पोचवलं होतं तर. आता तो बोलणार, अंगणातल्या चार लोकांसमोर माझी लाज काढणार, आणि ते योग्यच असणार.

"दोन वर्षं झाले," तो म्हणाला. "पयले धुकं आल्यावानी वाटे. आता तं नुसता उजेड समजते. मोतीबिंदू असंल. कोणालेच सांगतलं नाही मी. पोरीलेही नाही. नजरेनं काम होत नाही म्हणून तं नळी जास्त वापरून राहिलो. पाण्याले डोळा लागत नाही." तो माझ्याकडे वळला, म्हणजे मान बरीच जास्त वळवून, डाव्या डोळ्याने. "रोजचे लोक येते, कोणाच्या ध्यानात नाही आलं. तू तं वर्षातून एकदा दिसतं. कसं पाह्यलं तू?"

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता, याचा विचार मी पुष्कळदा केलाय. पण मी म्हणालो, "पाना धरताना तुम्ही मान वळवता, काकाजी."

"हाव!" त्याने मांडीवर थाप मारली. "बरोबर. वळवतो. वा रे पोरा. नजर आहे तुले."

आणि मला जी भाजी दिली ती मी खाल्ली.

बपेऱ्याला माझी जीप रेतीत एकदाही रुतली नाही. लोकांनी विचारलं, सस्पेन्शन कोणी बसवलं. मी म्हणालो, मी. ते खोटं नव्हतं.

पुढे असं झालं की ती अफवा फिरत फिरत गोंदियाला त्याच्या मुलीपर्यंत गेली. ती धावत आली, बापाला दारात उभं करून एक डोळा झाकून बोटं मोजायला लावली, आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवलं असतं तर अवघड झालं असतं. हे मला डॉक्टरीणबाईंकडून कळलं. महिना-दीड महिना तो दिसला नाही, त्याच्या गाड्या माझ्याकडे आल्या, आणि मी प्रत्येक गाडीचं काम करताना स्वतःशी हिशेब मांडत होतो की मी वाईट केलं की चांगलं.

मग एका सकाळी एसटीतून उतरून, काळा चष्मा लावून, तो माझ्या दुकानात आला. हातात पोह्यांची पिशवी, नव्या धानाचे, घरी कांडलेले. दुकानात सात-आठ लोक होते. बाबा खुर्चीवर होते. तो सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"दादाजी, तुमच्या पोरानं माहा डोळा वाचवला. माह्या सख्ख्या पोरीले नाही दिसलं, ते ह्याले दिसलं. जिकडंतिकडं सांगत सुटला, म्हणून तिच्या कानावर गेलं. हा चूप बसता तं मी आंधळा झालो असतो."

लोक माझ्याकडे पाहू लागले. बाबा उठून उभे राहिले. बाबा कोणासाठी उठत नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. इतक्या वर्षांत त्या हातासाठी मी काय काय केलं होतं. लिफ्ट घेतली होती, मशीन घेतलं होतं. आणि तो हात आला तो असा, त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर, माझ्या खोटेपणासाठी.

मिस्त्रीने चष्मा काढला आणि मला दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. बराच वेळ.

"काहून रे," तो हळूच म्हणाला, "असा सुकला? मले तं तू लय जवान वाटत होता. काही तरास आहे का जिवाले?"

"नाही, काकाजी. चला, तुम्हाला सोडून देतो."

जीपमध्ये तो लहान पोरासारखा दोन्हीकडे पाहत होता. भंडारा मागे पडलं, वरठी मागे पडली. मोहाडीच्या अलीकडे मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. समोर पाहतच बोललो.

"काकाजी, मी काहीच पाह्यलं नव्हतं. तुमच्याकडं गाड्या जातात म्हणून जळत होतो. टपरीवर खोटं बोललो. उजवा डोळा मनानंच म्हणलं. बोल्ट अर्धा कसल्याचंही खोटंच. पान्याचं तर तुमच्या तोंडावर बनवलं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरत गेला. मी स्टिअरिंगवरचे माझे हात पाहत होतो.

"बोल्टाचं नव्हतं म्हणायचं," शेवटी तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "डोळा म्हण, पाय म्हण. बोल्टाचं नव्हतं म्हणायचं बाबू."

"चुकलं, काकाजी."

"हाव. चुकलं." मग त्याने सीटमध्ये पाय लांब करायचा प्रयत्न केला, कण्हला, आणि दोन्ही हातांनी गुडघा चोळू लागला. "ते बोल्टाचं परत घे. ज्याले ज्याले सांगतलं त्याले त्याले जाऊन सांग. आणि मंग माह्या गुडघ्याबद्दल एखादं खोटं पसरव. तेही दोन वर्षांपासून दुखून राहिले, पोरगी ध्यानच देत नाही."

मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. मी जीप सुरू केली. बोल्टाचं मी परत घेतलं, टपरीवर जाऊन, त्याच तिघांना उभं करून, आणि त्या संध्याकाळी बाबांनाही सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पुढचे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आता मिस्त्री मुलीकडे असतो. लोकांना वाटतं, त्या दिवसानंतर माझं जळणं संपलं असेल. संपलं नाही. मोहाडीपासून आंधळगावपर्यंतच्या त्या रस्त्यावर, तो शेजारी गुडघा चोळत बसला असताना, मी मनात हाच विचार करत गाडी चालवत होतो, की त्याच्या जागी मी असतो तर मला असं बोलता आलं नसतं.